आधी भरतीला वाट द्या

मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मधे मिठागरं. या सखल पट्ट्यात मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी तुंबतं. समुद्राची पातळी वाढतेय, तसा हा धोकाही वाढणार. खाडीकाठची खारफुटी लाटांचा जोर मोडते, गाळ धरून ठेवते आणि मासळीच्या पिल्लांना आसरा देते. कोळ्यांचं पोट त्यावर आहे.

ओहोटीला खारफुटीतल्या तिवराच्या झाडाखाली पाहा. चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं वर आलेली दिसतात. झाड त्यांतून श्वास घेतं. राडारोडा टाकून भरतीचं पाणी अडवलं किंवा आत कोंडलं, की कुऱ्हाड न लावताही झाडं उभी वाळतात. म्हणून रोपं लावण्याआधी भराव उपसून पाण्याची जुनी वाट मोकळी करायला हवी. पाणी खेळू लागलं आणि जवळ जुनी झाडं असली, तर भरतीबरोबर आलेल्या बिया आपणहून रुजतात. नुसत्या लागवडीच्या आकड्यांवर माझा तरी भरवसा नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कांदळवनाच्या, म्हणजे खारफुटीच्या, तोडीला आणि भोवतीच्या 50 मीटरांतल्या बांधकामाला मनाई केली आहे. कुठे भराव पडताना दिसला, तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे लगेच तक्रार करा.