आदर्श विद्यार्थी ठरतो तरी कसा?

जळगाव/धुळे : जानेवारी उजाडला की खान्देशातील महाविद्यालयांत स्नेहसंमेलनांचे मांडव उभे राहू लागतात. शेलापागोटे, रांगोळी, पाककृती स्पर्धा आटोपल्या की अखेरच्या दिवशी पारितोषिक वितरण होते आणि सर्वांत शेवटी एक नाव पुकारले जाते. कुठे त्या मानकऱ्याला ‘आदर्श विद्यार्थी’ म्हणतात, कुठे ‘गुणवंत विद्यार्थी’, तर कुठे थेट ‘स्टुडंट ऑफ द इयर’. टाळ्या होतात, छायाचित्र निघते. ते नाव कोणी आणि कोणत्या कसोटीवर निवडले, याची विचारणा मात्र क्वचितच होते. पुढे नोकरीच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जात ती एक ओळ वर्षानुवर्षे सोबत करते. त्यामुळे ती कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

एके काळी तर या प्रश्नाला कायद्याचेच वजन होते. महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४ अन्वये महाविद्यालयांच्या विद्यार्थी परिषदांवर निवडणुकीऐवजी गुणवत्तेच्या आधारे विद्यार्थी घेतले जात. प्रत्येक वर्गातून मागील परीक्षेत चमकलेला एक विद्यार्थी, शिवाय क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना आणि सांस्कृतिक कार्य यांतून प्राचार्यांनी नामनिर्देशित केलेले विद्यार्थी. म्हणजे प्रमाणपत्रांची फाइल प्रतिनिधित्वाचे दारही उघडत असे. २०१६ च्या नव्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. पण ‘अभ्यास, खेळ, कला, सेवा’ ही चौकट पुरस्कारांच्या अर्जांत आजही जशीच्या तशी दिसते.

साधारण रीत अशी. ठरलेल्या मुदतीत अर्ज येतात, सोबत गुणपत्रके आणि प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती असतात. तीन ते पाच प्राध्यापकांची समिती छाननी करते, गुण देते आणि वरच्या काहींना मुलाखतीस बोलावते. कागदावर हे सरळ आहे. अडचण पहिल्याच रकान्यात, म्हणजे परीक्षेच्या गुणांत येते. कला शाखेचे ६८ टक्के, विज्ञानाचे ७६ आणि अभियांत्रिकीचे दहापैकी ८.१ श्रेयांक, यांत मोठे कोण? थेट तुलना केली तर ज्या शाखेत गुण सढळ हाताने मिळतात तिचा विद्यार्थी आपोआप पुढे जातो. त्यापेक्षा आपापल्या वर्गात तो कितवा आला, हे पाहणे न्याय्य ठरते. तेवढी चौकशी करण्यास एक दूरध्वनी पुरतो.

दुसरा रकाना प्रमाणपत्रांचा. येथे फाइलची जाडी फसवते. सहभाग आणि यश यांत फरक आहे आणि यशातही पायऱ्या आहेत. महाविद्यालयीन स्पर्धेतील पहिला क्रमांक आणि विद्यापीठाच्या संघातून खेळणे, ही एकाच मापाने मोजायची गोष्ट नव्हे. २००६ पासून राज्यातील विद्यापीठांत ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा होते. तिच्या राज्य फेरीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याकडे कदाचित दोनच कागद असतील. उलट २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन प्रश्नमंजूषांचा असा पूर आला होता, की घरबसल्या दिवसाला तीन ई-प्रमाणपत्रे जमवणे अवघड नव्हते. राष्ट्रीय सेवा योजनेचे प्रमाणपत्रही दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला सारखेच मिळते. त्या तासांत कोणी बंधारा घातला आणि कोणी हजेरी लावली, हे कागद सांगत नाही. ते मुलाखतीत विचारावे लागते.

आता गुणांच्या बेरजेकडे वळू. समजा, तीन परीक्षक आणि दोन अर्ज आहेत. पहिला परीक्षक ६४ आणि ६० गुण देतो, दुसरा ६६ आणि ६१. दोघांच्याही मते पहिला अर्ज सरस आहे. तिसऱ्याचा हात मोकळा. तो पहिल्यास ५० आणि दुसऱ्यास ७५ देतो. बेरीज १८० आणि १९६. तिघांपैकी दोघांनी ज्याला वर ठेवले तो हरला! यात कोणी लबाडी केलेली नाही. जपून गुण देणाऱ्यापेक्षा सैल हाताने देणाऱ्याचे मत आपोआप जड होते, इतकेच. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक परीक्षकाने गुणांऐवजी क्रम लावावा आणि क्रमांची बेरीज करावी. वरच्या उदाहरणात ती चार आणि पाच येते व कमी बेरजेचा, म्हणजे पहिला अर्ज वर राहतो. क्रमपद्धतीत दोन अर्जांतील अंतर किती, हे मात्र हरवते. म्हणून निकाल फिरला की तिघांनी एकत्र बसून बोलणे, हेच खरे. समितीची बैठक चहापुरती नसते ती यासाठी.

परीक्षकाचे स्वतःचे नाते हाही नाजूक विषय. खान्देशातील शिक्षणाचे वर्तुळ लहान आहे. जळगाव, अमळनेर, धुळे, शिरपूर येथील प्राध्यापक एकमेकांना ओळखतात, अनेकदा एकमेकांच्या मुलांनाही. आपल्या महाविद्यालयाचा, आपल्या विभागाचा किंवा नात्यातला अर्ज चर्चेला आला की त्या सदस्याने खोलीबाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी, इतका साधा नियम पुष्कळ कुजबुज थांबवतो.

तथापि सर्वांत अवघड प्रश्न वेगळाच आहे. जो अर्ज आलाच नाही, त्याचे काय? रावेर-यावलच्या पट्ट्यात घरच्या केळीच्या कापणीला हात लावून वर्गात येणारा मुलगा, साक्री तालुक्यातील पाड्यावरून एस.टी.ने धुळ्यात येणारी मुलगी; सायंकाळच्या सरावाला थांबले तर शेवटची गाडी चुकते. साहजिकच नाटकाचे किंवा कबड्डीचे प्रमाणपत्र फाइलमध्ये नसते. घरात अहिराणी, लेवा गणबोली किंवा भिली बोलणाऱ्या विद्यार्थ्याला ‘स्वतःविषयी ३०० शब्दांत लिहा’ हा रकाना प्रमाण मराठीत भरताना आपण कमी आहोत असे वाटते. तो कोरा राहतो आणि कोऱ्या रकान्याला शून्य मिळते.

साक्री तालुक्यातील सामोडे गावचे डॉ. राजेंद्र भारुड यांनी हे अंतर आपल्या ‘मी एक स्वप्न पाहिलं’ या पुस्तकात लिहून ठेवले आहे. आदिवासी भिल्ल कुटुंब, मोहाच्या दारूवर संसार चालवणारी आई, पुढे नवोदय विद्यालय, मुंबईत वैद्यकीय शिक्षण आणि भारतीय प्रशासकीय सेवा. नंतर ते शेजारच्या नंदुरबारचे जिल्हाधिकारीही झाले. अशा वाटचालीत कोठे पोहोचला याइतकेच कोठून निघाला हेही मोजावे लागते. काही पुरस्कारांच्या अर्जात ‘कौटुंबिक परिस्थिती’ असा रकाना असतो तो यासाठी. पण त्याला गुण नसले तर तो केवळ सहानुभूतीचा रकाना उरतो.

जळगावच्या विद्यापीठालाच पाहा. १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. जळगावजवळच्या आसोद्याच्या या कवयित्रीला लिहिता-वाचता येत नव्हते. पुरस्काराचा अर्ज त्यांना भरता आला नसता. त्यांचे चिरंजीव सोपानदेवांनी त्यांच्या कविता टिपून ठेवलेल्या होत्या. १९५१ मध्ये बहिणाबाईंच्या निधनानंतर त्या आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. टिपणारा आणि दाखवणारा असा कोणीतरी मध्ये होता.

महाविद्यालयात हे काम वर्गशिक्षक, ग्रंथपाल, वसतिगृहाचे अधीक्षक करू शकतात. अमळनेरला १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृह सांभाळत आणि मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढत. कोण काय वाचतो, कोण घरच्या आठवणीने गप्प बसतो, हे त्यांना प्रमाणपत्राशिवाय ठाऊक असणार. म्हणूनच विद्यार्थ्याच्या अर्जाबरोबर शिक्षकांकडून येणाऱ्या शिफारशीचाही मार्ग खुला ठेवणे हिताचे. अट एकच, शिफारस ‘मनमिळाऊ व कष्टाळू’ अशा ठोकळेबाज शब्दांची नसावी. एक प्रसंग, एक काम, त्याचे साल, एवढे लिहिले तरी समितीला धागा मिळतो.

उरतो प्रश्न नापसंत अर्जांचा. निकाल लागला की ते बहुधा गठ्ठ्यात बांधून कपाटात जातात. त्यांतील कित्येक विद्यार्थी दुसऱ्या वर्षाचे असतात आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा अर्ज करू शकतात. कोणत्या रकान्यात कमी पडलो, हे दोन ओळींत कळवायला समितीला एक दुपार पुरते.