रबराला तडे कोण पाडतो?

एक रबरबँड ताणून खिडकीत, पण सावलीत ठेवा. दुसरा तसाच ताणून घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवा. काही आठवड्यांनी भिंगातून पाहा. खिडकीतल्या रबरावर ताणाला आडवे असे बारीक तडे दिसले, तर तो प्रताप ओझोनचा समजावा. १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या हवेतील ओझोन मोजण्यासाठी हागेन-स्मिट यांनी वाकवलेल्या रबरी पट्ट्याच वापरल्या होत्या.

उंचावरचा ओझोन आपले अतिनील किरणांपासून रक्षण करतो. जमिनीलगतचा मात्र घसा व फुप्फुसे यांना जाचतो. गंमत अशी, की तो कोणत्याही गाडीच्या धुरातून बाहेर पडत नाही. मग येतो कोठून?

इंजिनाच्या उष्णतेत नायट्रिक ऑक्साइड बनतो. हवेत त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. उन्हाने याच्या रेणूतला ऑक्सिजनचा एक अणू सुटतो, हवेतील ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन तयार होतो. उलट, नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. पण पेट्रोलची वाफ, रंगातील द्रावके, झाडांतून येणारा आयसोप्रीन यांच्यामुळे ओझोन खर्च न होताच नायट्रिक ऑक्साइडचे रूपांतर होते. मग ओझोन साठू लागतो.

आता मुंबईचा नकाशा उघडा. सकाळी अंधेरीच्या द्रुतगती मार्गावर गाड्यांची रीघ लागते. तेथे ताज्या धुरामुळे ओझोन कमीच असतो. दुपारी ऊन तापते, समुद्रावरचा वारा सुटतो आणि ती हवा पूर्वेला, घाटकोपर-मुलुंडकडे सरकते. वाटेत ओझोन बनत जातो. म्हणजे धूर एकाचा, त्रास दुसऱ्याला! बोरिवलीत राष्ट्रीय उद्यानाच्या आयसोप्रीनची भर पडते. पण दोष झाडांचा नव्हे. गाड्यांचा वायू नसेल, तर त्यातून ओझोन साठणार नाही. पावसाळ्यात ढग व समुद्रावरची स्वच्छ हवा यांमुळे तो घटतो.

२०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या, तरी जगातील अनेक शहरांत ओझोन वाढला. का बरे? त्याला खाणारा नायट्रिक ऑक्साइडच घटला होता! म्हणून दोन्ही प्रकारचे वायू आटोक्यात आणावे लागतात.

आपल्या देशात ओझोनची आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. तुमच्या जवळच्या हवामापन केंद्राचे सकाळी आठचे व दुपारी तीनचे आकडे महिनाभर वहीत टिपा. सोबत धूलिकणांचेही लिहा, कारण हिवाळ्यात सकाळी तेच जास्त असतात. मग ती वही क्रीडाशिक्षकांना दाखवा. धावण्याचा सराव कोणत्या वेळी घ्यावा, हे ठरवायला ती उपयोगी पडेल.