भावंडांचा दिवाणी दावा

१८७७ च्या जुलै महिन्यात ‘माइंड’ नावाच्या इंग्रजी त्रैमासिकात चार्ल्स डार्विनचा एक लहानसा लेख प्रसिद्ध झाला. आपल्या थोरल्या मुलाच्या जन्मापासून लिहून ठेवलेले, आणि पुढे साडेतीन दशकांहून अधिक काळ दप्तरात पडून राहिलेले एक टिपण, एवढाच त्या लेखाचा ऐवज होता. २७ डिसेंबर १८३९ रोजी जन्मलेल्या या मुलाचे नाव विल्यम. घरात त्याला डॉडी म्हणत. त्याची नजर मेणबत्तीवर कितव्या दिवशी ठरली, त्याला राग प्रथम केव्हा आला, भीती कशाची वाटली, हे सारे एखाद्या अपरिचित प्राण्याचे वर्णन करावे अशा अलिप्त काटेकोरपणाने डार्विनने नोंदवले आहे. तथापि त्या टिपणातील दोन नोंदी अशा आहेत की, त्या वाचून पुढे सरकणे कोणाही भावंडे असलेल्या वाचकाला जड जावे. मुलगा साडेपंधरा महिन्यांचा असताना त्याच्या तान्ह्या बहिणीचे, १८४१ च्या मार्चमध्ये जन्मलेल्या ॲनीचे, वडील वजन करीत होते, तेव्हा त्याच्या ठिकाणी मत्सर उघडउघड दिसून आला. वडिलांनी मोठी बाहुली कुरवाळली तरी तोच प्रकार झाला. पुढे हाच मुलगा सव्वादोन वर्षांचा असताना त्याने आपल्याजवळचा आल्याच्या गोड केकचा शेवटचा तुकडा त्याच बहिणीला देऊन टाकला, आणि दिल्याबरोबर स्वतःच्या दयाळूपणाची स्वतःच मोठ्याने वाहवा केली.

या दोन नोंदींमध्ये जवळजवळ वर्षाचे अंतर आहे, आणि मत्सर हा मुलांचा मूळ स्वभाव, माया ही मागाहून संस्कारांनी येते, अशी त्यांची संगती लावण्याचा मोह सहज होतो. मला ती संगती मान्य नाही. गेल्या साठ वर्षांत जीवशास्त्राने आणि बालमानसशास्त्राने या विषयाची जी रुजवात घातली आहे, तिच्यावरून असे दिसते की, मत्सर आणि माया ही एकाच खतावणीतील दोन कलमे आहेत, आणि त्या खतावणीचा मूळ आकडा ‘निम्मा’ हा आहे.

जे. बी. एस. हाल्डेन हा विक्षिप्त आणि विलक्षण बुद्धीचा शास्त्रज्ञ, दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी मी प्राण द्यायला तयार आहे, असे थट्टेने म्हणत असे, ही आठवण त्याचा शिष्य जॉन मेनार्ड स्मिथ याने सांगितली आहे. सख्ख्या भावंडांत आनुवंशिक द्रव्याचा निम्मा हिस्सा समाईक असतो आणि चुलत भावंडांत एक अष्टमांश, हे त्या थट्टेमागचे गणित. हाल्डेन अखेरच्या वर्षांत भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारला. त्याच वर्षी विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रज संशोधकाने ते गणित दोन दीर्घ निबंधांत रीतसर मांडले. भावंडाला होणाऱ्या लाभाचा निम्मा आकडा स्वतःच्या नुकसानीपेक्षा मोठा भरत असेल, तर त्यागाची वृत्ती पिढ्यानुपिढ्या टिकून राहील, हा त्याचा सारांश होय. दहा वर्षांनी, १९७४ साली, अमेरिकेतील रॉबर्ट ट्रिव्हर्सने याच गणिताची दुसरी बाजू वाचून दाखवली. आईच्या दृष्टीने दोन्ही मुले सारखीच जवळची, म्हणून तिला वाटणी समसमान हवी; परंतु मुलाच्या दृष्टीने तो स्वतः सोळा आणे आणि भावंड आठ आणे, म्हणून आईला न्याय्य वाटणाऱ्या वाटणीपेक्षा त्याची मागणी नेहमी थोडी जास्तच असणार. अर्थात ती अमर्याद नसणार, हेही त्याच गणितातून निघते. ज्या घासाने माझा आणेभर फायदा आणि बहिणीचा चार आण्यांचा, तो घास तिला देण्यात माझेच हित आहे. तो शेवटचा तुकडा देताना डॉडीचे पोट भरलेले होते की नाही, हे मात्र एवढ्या काटेकोर बापाने लिहून ठेवलेले नाही.

हा हिशेब मुले मनात मांडत नाहीत, हे सांगायला नकोच; नैसर्गिक निवडीने तो केव्हाच मांडून रागलोभांच्या रूपाने त्यांच्या हवाली केला आहे. शिवाय निम्मा हा आकडाही सरासरीचा आहे. २००६ साली चार हजारांहून अधिक भावंडांच्या जोड्या तपासल्या असता प्रत्यक्षातला समाईक हिस्सा सुमारे ३७ टक्क्यांपासून ६२ टक्क्यांपर्यंत कमीजास्त आढळला.

या हिशेबाचे क्रूर रूप पाहायचे असेल तर पक्ष्यांच्या घरट्यात डोकवावे. नांगरामागून आणि म्हशींच्या पायांशी किडे वेचीत हिंडणारा गायबगळा आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? त्याची मादी एकेक दोनदोन दिवसांच्या अंतराने अंडी घालते, पण पहिल्या अंड्यापासूनच उबवण सुरू होत असल्यामुळे पिल्ले मागेपुढे बाहेर येतात. थोरली दोघे तिसऱ्याला चोचींनी झोडपून चाऱ्यापासून दूर ठेवतात आणि पुष्कळदा ते तिसरे मरून जाते. १९९७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे निघाले की, पहिल्या दोन अंड्यांच्या बलकात आक्रमकता वाढवणारी पुरुषी संप्रेरके तिसऱ्याच्या मानाने सुमारे दुप्पट असतात, म्हणजे आईचा पक्षपात अंड्याच्या कवचातच शिरलेला असतो. आफ्रिकेतील काळ्या गरुडाची गोष्ट याहून भयंकर आहे. ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झिंबाब्वेमधील, मातोबोच्या टेकड्यांत व्हॅलेरी गार्गेट या बाईंनी एका घरट्यावर नजर ठेवली, तेव्हा थोरल्या पिल्लाने धाकट्याला तीन दिवसांत १,५६९ चोची मारल्या.

परंतु एवढ्यावरून निसर्गात भाऊबंदकीच तेवढी आहे असा निकाल देणाऱ्याने जुन्या वाड्याच्या माळ्यावर राहणाऱ्या गव्हाणी घुबडाची साक्ष घेतलेली नसते. याची पिल्लेही दोनदोन तीनतीन दिवसांच्या अंतराने जन्मतात, त्यामुळे थोरल्या-धाकट्यांत कधीकधी दोन आठवड्यांचा फरक पडतो. स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठाचे अलेक्झांद्र रूलँ यांना या पिल्लांविषयी आढळले ते असे की, आईबाप शिकारीला गेलेले असताना ती अंधारात एकमेकांना उद्देशून आवाज देत असतात. जे अधिक भुकेले ते अधिक वेळा आणि अधिक लांब आवाज देते, आणि तो ऐकून कमी भुकेले पिल्लू पुढचा उंदीर आपला नव्हे हे ओळखून गप्प राहते. आई येण्यापूर्वीच तंटा मिटलेला असतो. इतकेच नव्हे, तर थोरली पिल्ले कधीकधी आपल्या वाट्याचे भक्ष्य धाकट्यांना भरवतात. गायबगळ्याच्या घरट्यात जो हिशेब चोचीने चुकता होतो, तो येथे आवाजावर भागतो.

माणसाचे मूल या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. त्याचे परावलंबन इतके दीर्घ की, एकाचे बाळपण सरण्यापूर्वीच दुसरे दाराशी येऊन उभे राहते, आणि आईच्या मांडीचा कब्जा हा घरातला पहिला वाद होतो. सिबिल हार्ट आणि हेदर कॅरिंग्टन यांनी २००२ साली दाखवले की, आई पुस्तक वाचीत असता सहा महिन्यांचे मूल जेवढे अस्वस्थ होते, त्यापेक्षा ती जिवंत वाटावी अशा बाहुलीला खेळवू लागली म्हणजे कितीतरी अधिक अस्वस्थ होते. डार्विनने बाहुलीसंबंधी जे त्याच्या सुमारे एकशे साठ वर्षे आधी टिपले, तेच येथे प्रयोगशाळेत शाबीत झाले.

आता या साऱ्यात मला सर्वांत विस्मयकारक वाटणारी गोष्ट सांगतो. हे माझे भावंड आहे, हे मुलाला कळते कसे? अमेरिकेतील डेब्रा लीबरमन, जॉन टूबी आणि लीडा कॉस्मिडिस यांनी २००७ साली ‘नेचर’मध्ये याचे उत्तर दिले. थोरल्या मुलाच्या बाबतीत निर्णायक खूण म्हणजे आपल्या आईने तान्ह्या बाळाला जवळ घेतलेले, त्याला पाजताना पाहणे. धाकट्याला ते पाहण्याची सोयच नसल्यामुळे त्याचे मन एका घरात काढलेल्या वर्षांवर भिस्त ठेवते. ज्यांच्या वाट्याला ही खूण आली, ते मोठेपणी त्या भावंडासाठी झीज सोसायला अधिक तयार असतात, आणि त्याच्याशी शरीरसंबंधाची कल्पनाही त्यांना अधिक किळसवाणी वाटते. याचा अर्थ असा की, जे दृश्य पाहून थोरल्याच्या अंगाचा तिळपापड होतो, तेच दृश्य त्याच्या मनात त्या बाळाविषयीच्या जन्माच्या मायेची पहिली नोंद करीत असते.

ही नोंद पुढे कशी वाढते, हे इंग्लंडमधील केंब्रिजच्या परिसरातील चाळीस कुटुंबांत जाऊन जूडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी पाहिले व १९८२ साली ग्रंथरूपाने मांडले. दुसरे मूल झाल्यावर पहिल्याच्या खोड्या वाढल्या, आणि त्याही नेमक्या आई बाळात गुंतलेली असताना. याचे कोणाला नवल वाटणार नाही. परंतु ज्या आयांनी पहिल्या दिवसांपासून थोरल्याशी बाळाविषयी गप्पा मारल्या, बाळाला भूक लागली असेल का, ते का रडत असेल, असे विचारून एका स्वतंत्र जिवाची ओळख करून दिली, त्या घरांतील भावंडे वर्षभरानंतरही एकमेकांशी अधिक जिव्हाळ्याने वागताना दिसली. थोरल्याला खेळणी आणून त्याची समजूत काढण्यापेक्षा हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि मला तो अधिक शहाणपणाचाही वाटतो.

पुढे दोघेही चालूबोलू लागली म्हणजे खटल्यांचा हंगाम सुरू होतो. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या हिल्डी रॉस यांनी घरोघर बसून अशा भांडणांचे टाचण केले, तेव्हा त्यांतील मोठा भाग मालमत्तेचा निघाला, आणि त्याहून मौजेचे म्हणजे, मालकी आणि कब्जा यांतला भेद दोन-चार वर्षांच्या पक्षकारांना पक्का ठाऊक असल्याचे दिसून आले. हातात कोणाच्या आहे यापेक्षा मूळ वस्तू कोणाची आहे, या मुद्द्याला ती मुले अधिक किंमत देत. आईबाप मात्र कायद्याशी इमान राखण्यापेक्षा घरातल्या शांततेसाठी फैसला करताना आढळले, आणि ‘ती लहान आहे, दे तिला’ हा आपल्याकडचा हुकूमनामा ज्या थोरल्याने ऐकला आहे, त्याला यात नवे काही वाटायचे नाही.

आणि या खटल्यांतून शिक्षणही घडते. दुसऱ्याची समजूत आपल्यापेक्षा वेगळी, किंबहुना चुकीचीही, असू शकते, हे साधारण चौथ्या वर्षाच्या सुमारास मुलाला उमगते. कपाटात ठेवलेले चॉकलेट मालकाच्या गैरहजेरीत दुसरीकडे हलवले, तर परत आल्यावर तो ते कोठे शोधील, या प्रश्नाच्या उत्तरावरून ते पारखतात. योझेफ पेर्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांना १९९४ साली दिसले की, भावंडे असलेल्या मुलांना हे उत्तर एकुलत्या एक मुलांपेक्षा लवकर येते. पुढच्या साऱ्या पाहण्यांत हा फरक सारखाच ठसठशीत निघाला नाही, हे खरे. पण त्यामागचे कारण पटण्याजोगे आहे. बहिणीला नेमके कशाने रडवता येईल आणि रडली तर नेमके कशाने हसवता येईल, या दोन विद्यांना एकच ज्ञान लागते, आणि जूडी डन यांना दीड वर्षाच्या मुलांतही दोन्हींची सुरुवात दिसली होती.

थोरला जबाबदार आणि शेंडेफळ बंडखोर, हे आल्फ्रेड ॲडलरच्या काळापासून चालत आलेले आणि फ्रँक सलोवे यांनी १९९६ साली मोठ्या आवेशाने मांडलेले मत येथे विस्ताराने घेण्याचे कारण नाही. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी येथील वीस हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून २०१५ साली जी छाननी झाली, तीत जन्मक्रमाचा स्वभावावर म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही.

राहिला प्रश्न आईबापांनी काय करावे याचा. जूली स्मिथ आणि हिल्डी रॉस यांनी २००७ साली काही पालकांना मुनसफाची खुर्ची सोडून मध्यस्थाची भूमिका घ्यायला शिकवले: दोघांची कैफियत पूर्ण ऐकायची, एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचे, आणि तोडगा मुलांनाच काढू द्यायचा. न शिकलेल्या पालकांच्या मुलांपेक्षा या मुलांनी आपले तंटे अधिक सामंजस्याने सोडवले, आणि समोरच्याची बाजूही त्यांना अधिक कळली. तेव्हा वाचकांपैकी ज्यांच्या घरी दोन लहानगी आहेत, त्यांनी पुढची फिर्याद आली म्हणजे ‘सुरुवात कोणी केली’ हा प्रश्न एकदा बाजूला ठेवावा, आणि ‘तिला काय हवे होते, सांग बरे’ असे त्याला, व ‘त्याला काय हवे होते’ असे तिला, विचारून पाहावे.