टू-स्ट्रोकचा रुसवा काढताना...

एकेकाळी आपल्या शहरांची सकाळ टू-स्ट्रोक इंजिनांच्या आवाजाने उजाडत असे. चेतक स्कूटर एका बाजूला कलती करून मग किक मारणारे गृहस्थ प्रत्येक गल्लीत दिसत. १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० ने तर तरुणाईला वेडच लावले होते. १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले आणि प्रदूषणाचे निकष कडक होत गेले तसतशा टू-स्ट्रोक दुचाकी रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. मातीच्या ट्रॅकवर मात्र त्यांचे आकर्षण आजही कायम आहे. पुणे, नाशिक परिसरातील डर्ट ट्रॅकच्या हौशी मंडळींना हलक्या, चपळ टू-स्ट्रोक गाडीची ओढ अजून आहे.

या गाडीचा एक दोष मात्र तिच्या चाहत्यांनाही मान्य करावा लागतो. तो म्हणजे तिचा रुसवा. पावसाळाभर शेडमध्ये उभी असलेली गाडी दसऱ्याला धुऊन, हार घालून बाहेर काढावी आणि तीस-चाळीस किक मारूनही इंजिनाने दाद देऊ नये, हा अनुभव अनेकांचा आहे. अशा वेळी प्लग बदल, कार्बोरेटर बदल, कॉइल बदल असा सपाटा सुरू होतो. खिसा रिकामा होतो आणि मूळ दुखणे तसेच राहते. गाडी सहज चालू न होणे हे केवळ लक्षण आहे. त्यामागचे कारण शोधले नाही, तर प्रकरण पिस्टन जाम होण्यापर्यंत जाऊ शकते.

भात्यासारखे इंजिन

कोणत्याही पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि पुरेसा दाब. टू-स्ट्रोकमध्ये चौथी गोष्ट येते. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनखालचा भाग मिश्रण खेचण्याच्या कामात भाग घेत नाही. टू-स्ट्रोकमध्ये मात्र हाच भाग, म्हणजे क्रँककेस, लोहाराच्या भात्यासारखे काम करतो. पिस्टन वर जाताना मिश्रण आत ओढले जाते आणि खाली येताना ते सिलिंडरमध्ये ढकलले जाते. भात्याला भोक पडले तर भट्टी पेटत नाही. तसेच क्रँककेसला हवेची गळती लागली, तर इंजिन चालू होण्यास त्रास देते.

आधी प्लग पाहा

निदानाची सुरुवात प्लगपासून करावी, कारण तो लगेच साक्ष देतो. दहा-बारा किक मारल्यावर प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल पोहोचते, पण जळत नाही. म्हणजे ठिणगी कमजोर आहे किंवा गाडी ओव्हरफ्लो झाली आहे. काळा, तेलकट प्लग जास्त ऑइल किंवा तुंबलेला एअर फिल्टर सुचवतो. निरोगी इंजिनाचा प्लग बिस्किटासारख्या तपकिरी रंगाचा असतो. प्लगच्या दोन टोकांमधील अंतर बहुतेक गाड्यांत ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते; तरी आपल्या गाडीचा आकडा माहितीपुस्तकातच पाहावा.

कोरडा प्लग : पेट्रोलची वाट

प्लग कोरडा असेल तर टाकीपासून सुरुवात करावी. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले तरी पेट्रोल उतरत नाही. पुढे कॉक, नळी आणि शेवटी कार्बोरेटर. त्यातील पायलट जेटचे छिद्र अत्यंत बारीक असते आणि गाडी चालू होण्याच्या वेळी इंजिनाची भिस्त चोकइतकीच त्याच्यावर असते. पेट्रोल उडून मागे राहिलेला चिकट थर हे छिद्र बुजवतो. ते तारेने खरवडू नये, कारण छिद्र मोठे होते. क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करावे.

येथे इंधनाचाही विचार करायला हवा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. दमट पावसाळ्यात महिनोन्महिने टाकीत राहिलेल्या अशा पेट्रोलमध्ये पाणी वेगळे होऊन तळाशी बसू शकते. म्हणूनच गाडी दीर्घकाळ उभी करायची असेल, तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करावेत.

ऑइल पेट्रोलमध्ये मिसळताना ‘अंदाजे’ हा शब्द विसरावा. ५० भाग पेट्रोलला एक भाग ऑइल असे प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर, ४० ला एक असेल तर २५ मिलिलिटर. जास्त ऑइल म्हणजे जास्त संरक्षण, या समजुतीने प्लग मात्र काळे होतात.

ओला प्लग : ठिणगीची परीक्षा

ओल्या प्लगच्या बाबतीत आधी ठिणगी तपासावी. प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकवावा आणि किक मारावी. प्लग उघड्या छिद्रापासून दूर धरावा, कारण तेथून पेट्रोलची वाफ उडते. तो हाताने नव्हे, तर इन्सुलेटेड पकडीने धरावा. ठिणगी पिवळसर, अशक्त दिसली तर नवा प्लग लावून पुन्हा पाहावे. तरीही फरक नसेल तर टोपी, वायर आणि इंजिन बंद करण्याच्या बटणाची जोडणी तपासावी.

थंड असताना चालू होणारी गाडी तापल्यावर रुसत असेल, तर मॅग्नेटच्या कॉइलवर संशय घ्यावा. उष्णतेने कमकुवत वेटोळ्यांचा दोष उघड होतो. किकने दाद न देणारी गाडी ढकलल्यावर चालू होत असेल, तर ठिणगी किंवा दाब यांपैकी एक कमी पडतो आहे.

दाब आणि गळती

दाब मोजताना मूठ पूर्ण उघडी ठेवून किक माराव्यात. गाडीगाडीनुसार आकडा बदलतो, पण तो दर चौरस इंचाला शंभर पौंडांच्या खाली गेला असेल तर पिस्टन-रिंग पाहणे भाग आहे. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधील रीड व्हॉल्व्हच्या पातळ पाकळ्याही तपासाव्यात. त्या उजेडासमोर धरल्यावर फट दिसली, तर भाता पूर्ण भरत नाही असे समजावे.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते क्रँकच्या दोन्ही टोकांच्या ऑइल सीलकडे. क्लचकडील सील गेले तर गिअर ऑइल आत ओढले जाते, दाट पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइल कमी होत जाते. मॅग्नेटकडील सील गेले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन आपोआप रेस घेऊ लागते. हा धोक्याचा इशारा आहे. पातळ मिश्रणावर भरधाव पळवलेले इंजिन तापते, पिस्टन जाम होतो किंवा त्याला भोकही पडू शकते. ऐन उडीत मागचे चाक अडकले, तर चालकाच्या जिवावर बेतते. जाणकार फिटर कार्बोरेटर व सायलेन्सरची तोंडे बंद करून इंजिनात सहा पौंड दाब भरतात आणि तो सहा मिनिटे टिकतो का, ते पाहतात. शंका आली तर ही चाचणी आग्रहाने करून घ्यावी.

किक मारण्याची रीत

कित्येकदा दोष गाडीत नसतोच. थंड इंजिनाला चोक द्यावा आणि मूठ बंद ठेवावी, कारण बहुतेक मोटोक्रॉस गाड्यांत मूठ उघडताच चोकच्या मार्गाने पेट्रोल ओढले जाणे कमी होते. किक वरच्या टोकापासून पूर्ण खालपर्यंत न्यावी. ओव्हरफ्लो झाल्यास कॉक आणि चोक बंद करून, मूठ पूर्ण उघडून आठ-दहा किक माराव्यात आणि कोरडा प्लग लावावा.

थोडक्यात, क्रम असा ठेवावा: ताजे पेट्रोल, प्लग, एअर फिल्टर, जेट, ठिणगी, दाब आणि अखेरीस सील. स्वस्त आणि सोपे आधी, महाग आणि अवघड नंतर. एका वेळी एकच बदल करून गाडी चालू करून पाहावी, म्हणजे नेमका दोष कोठे होता ते कळते आणि पुढच्या वेळी उपाय लवकर सापडतो.