वाडा पडल्यावर स्मारक, की पडण्याआधी डागडुजी?

दर ३ जानेवारीला आपण गटागटांतून सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. पण त्यांनी जिथं मुलींची शाळा सुरू केली, त्या वाड्याचं काय झालं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणींना माहीत नसतं. आज ते समजून घेऊ.

पुण्यात बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर भिडे वाडा होता. १८४८ साली तात्यासाहेब भिडे यांनी ही जागा दिली आणि फुले दांपत्यानं तिथं शाळा उघडली. पुढे वाडा खासगी मालकीतच राहिला. खाली दुकानं होती, वरचा भाग मोडकळीला आला. महापालिकेनं तिथं राष्ट्रीय स्मारक करायचं ठरवलं. पण जागा दुसऱ्याची आणि दुकानदारांचं पोट त्यावर. प्रकरण कोर्टात गेलं आणि तेरा वर्षं चाललं. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं महापालिकेच्या बाजूनं निकाल दिला. तोवर वाडा राहण्याजोगा उरलाच नव्हता. डिसेंबरमध्ये तो पाडला. आता तिथं स्मारक होईल, पण ज्या भिंतींनी त्या मुलींचा आवाज ऐकला, त्या भिंती परत येणार नाहीत.

त्याच पुण्यात गंज पेठेतला फुले वाडा मात्र उभा आहे. तो राज्य शासनाचं संरक्षित स्मारक आहे. अस्पृश्य मानलेल्यांसाठी १८६८ साली जोतिरावांनी खुला केलेला पाण्याचा हौद तिथं आपल्याला दाखवता येतो. लेकीला नुसतं सांगणं वेगळं आणि तिला त्या हौदापाशी उभं करणं वेगळं.

आता तुम्ही विचाराल, शहराकडे पैसा मोजकाच. आधी नळाला पाणी, की जुन्या वाड्याला चुना? प्रश्न रास्त आहे. म्हणून तर शहराला आधी यादी करावी लागते. सगळंच जुनं जपता येत नाही. मुंबईत १९९५ साली वारसा इमारतींसाठी नियमावली झाली. त्यात इमारतींच्या महत्त्वानुसार तीन श्रेण्या आहेत. पहिल्या श्रेणीतल्या इमारतीला फारसा हात लावता येत नाही, तिसरीत बदलाला जास्त मोकळीक असते. बंधन घातलं की मालकाचं नुकसान होतं. ते भरून काढायला, त्या जागी न करता आलेल्या बांधकामाचा हक्क त्याला दुसरीकडे वापरता किंवा विकता येतो. मालकाला काहीच न देता नुसती बंदी घातली, तर तो वाडा आपोआप पडायची वाट बघतो. आणि भाडेकरूंची सोय आधी केली नाही, तर कोर्टाची पायरी ठरलेली.

आपल्या गावात वाडे नसतील, पण जुनी शाळा असते, बारव असते, वेशीपाशी वीरगळ पडलेला असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोल्या धोकादायक ठरल्या की त्यांचं निर्लेखन होतं आणि त्या पाडल्या जातात. मुलांच्या डोक्यावर पडकं छप्पर नकोच, याबद्दल दुमत नाही. पण पाडण्याआधी फोटो काढले का? कोनशिला कुठं ठेवली? शाळेचं जुनं जनरल रजिस्टर कोरड्या जागी आहे का? गावातली पहिली मुलगी कोणत्या साली शाळेत गेली, ते त्याच रजिस्टरात आहे. या कामांना लाखो रुपये लागत नाहीत.

आपण गटात इतिवृत्त का लिहितो? लिहिलं नाही तर पुढच्या महिन्यात कोण काय बोललं यावर वाद होतो, म्हणून. गावाचंही तसंच आहे.

तेव्हा येत्या बैठकीत एवढं करूया. गावातल्या जपण्यासारख्या पाच गोष्टी लिहून काढू. प्रत्येकीपुढे मालक कोण, अवस्था कशी आणि तिच्याबद्दल सांगू शकणारी म्हातारी माणसं कोण, हे लिहू. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथं ती यादी वाचून ठराव मांडू. ठरावाला सूचक एक गट, अनुमोदक दुसरा गट. मग पाच गोष्टींतली आधी कुठली जपायची, हे गाव मिळून ठरवील.