जपानी शिक्षकांचा आत्मविश्वास कुठे गेला?

‘विद्यार्थ्यांना चिकित्सकपणे विचार करायला तुम्ही कितपत लावू शकता?’ ओईसीडीच्या २०१३ सालच्या ‘टॅलिस’ पाहणीत माध्यमिक शिक्षकांना हे विचारलं गेलं. सहभागी देशांत सरासरी ८० टक्के शिक्षकांनी ‘बऱ्यापैकी’ किंवा ‘पुष्कळ’ असं उत्तर दिलं. जपानमध्ये असं म्हणणारे निघाले जेमतेम १६ टक्के. गंमत म्हणजे, आदल्याच वर्षी ‘पिसा’ चाचणीत जपानी मुलांनी गणितात ५३६ गुण मिळवले होते. ओईसीडीची सरासरी होती ४९४.

मुलं ‘जुकू’च्या, म्हणजे तिथल्या क्लासच्या, जिवावर तरली म्हणावं, तर गोष्ट तेवढी सोपी नाही. या पाहणीवरच्या जपानी अहवालानेच कमी आकड्यामागच्या दोन शक्यता मांडल्या: शिक्षकांची स्वतःकडून अपेक्षा फार मोठी असेल, किंवा त्यांनी विनयाने स्वतःला कमी गुण दिले असतील.

‘हे मला जमेल’ या खात्रीचा सिद्धान्त अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडला. शिक्षकांमधली ही खात्री मोजणारी २४ प्रश्नांची, १ ते ९ गुणांची प्रश्नावली मेगन चॅनन-मोरान आणि अनिता वूलफोक हॉय यांनी २००१ मध्ये अमेरिकेत तयार केली. ती परदेशी नेताना नुसतं चोख भाषांतर पुरत नाही. वर्गाची शिस्त ‘तुम्ही’ किती राखू शकता, असं ती विचारते. जपानी वर्गात मुलांचे छोटे गट असतात, कामाच्या पाळ्या असतात आणि शिस्तीचा बराच भार मुलंच उचलतात. तिथल्या बाईंनी या ‘तुम्ही’चं काय करायचं?

म्हणून संशोधक आधी पाहतात, की प्रश्नांचे गट सगळीकडे सारखेच जुळतात का. कॅनडा, सायप्रस, कोरिया, सिंगापूर आणि अमेरिकेतल्या १,२१२ शिक्षकांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते जुळले. पण खरी गोम पुढेच आहे. घरातला वजनकाटा रिकामा असतानाच दोन किलो दाखवत असेल, तरी महिन्यात तुमचं वजन तीन किलोंनी वाढलं हे तो बरोबर सांगेल. शेजाऱ्याच्या काट्यावरच्या आकड्याशी मात्र तुलना करू नये. ‘टॅलिस’मधल्या अशाच प्रश्नांचे काटेही असेच होते: एका देशाचा आकडा वाढला, दुसऱ्याचा उतरला तर ते कळतं, पण शून्य सगळ्यांचं एकाच जागी असल्याची खात्री नाही. ८० आणि १६ शेजारीशेजारी छापणारे मथळे हे विसरतात.

२०१८ च्या ‘टॅलिस’मध्ये चिकित्सक विचाराच्या त्याच प्रश्नावर जपानचा आकडा २५ टक्क्यांच्या जवळ पोहोचला. देश तोच, काटाही तोच.