वजा ७६८

आदिलाबादला जुनी माणसं अजून ‘एदलाबाद’च म्हणतात. पांढरकवड्याच्या बाजूने जाताना पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागतं, दुकानांच्या पाट्या तेलुगूत सुरू होतात, आणि पाटीखाली बसलेल्या माणसाशी मात्र कापसाच्या भावाबद्दल मराठीत बोलता येतं. १९५६ साली भाषेवर राज्यं बेतली गेली तेव्हा हैदराबाद राज्यातल्या या जिल्ह्याचे राजुरा आणि किनवट हे तालुके मुंबई राज्यात आले, बाकीचा जिल्हा आंध्रात गेला. मराठी बोलणारी घरं दोन्हीकडे राहिली. गोंड, कोलाम, लंबाडा यांची घरं तर आधीपासूनच होती. त्यामुळे आदिलाबादेत पहिलीच्या वर्गात फळ्यावर एक भाषा, पोरांच्या घरी दुसरी आणि मधल्या सुट्टीत तिसरी, असं सहज होऊ शकतं.

प्राथमिक शाळांसाठी फुकट मिळणारी डिजिटल साधनं मी गेला महिनाभर घरच्या टेबलावर तपासत होतो, ती असाच एक वर्ग डोळ्यांपुढे ठेवून. रेंज नसताना चालेल का, वर्गात मिळून एकच फोन असेल तर चालेल का, आणि मुलाची बोली साधनाला कळेल का, एवढेच प्रश्न.

पहिल्या प्रश्नात टक्स पेंट आणि जीकॉम्प्री पटकन पास झाली. एक २००२ पासूनचं चित्रं काढायचं साधन, दुसरा २००० सालापासून वाढत गेलेला खेळांचा संच. जीकॉम्प्रीच्या नावात ‘समजलं’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरची कोटी आहे. एकदा संगणकावर उतरवली की इंटरनेटची गरज नाही. टक्स पेंटला तर भाषेचीही फारशी नाही, रंगाला कुठलीच लिपी नसते. कोलिब्री नावाच्या साधनाची युक्ती आणखी वेगळी. तालुक्याच्या गावी, जिथे नेट आहे तिथे, धड्यांची पेटी एकदा भरून घ्यायची. मग शाळेत रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक आपलंच छोटं वाय-फाय सोडतो आणि टॅबलेट त्याला जोडले जातात. बाहेरच्या जगाशी संबंध नाही. बाजाराच्या दिवशी किराणा भरून ठेवावा तसं हे आहे.

एकाच फोनच्या वर्गासाठी प्लिकर्स पाहिलं आणि त्यात अडकलो. प्रत्येक मुलाच्या हातात साध्या कागदावर छापलेलं एक चौकोनी कार्ड. त्यावर काळ्या ठोकळ्यांची ठिगळासारखी आकृती, चार कडांना बारीक ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती कड वर करून कार्ड धरायचं. मास्तर फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणाचं काय उत्तर आलं ते फोनवर दिसतं. अक्षरं इतकी लहान की शेजाऱ्याचं बघून वर करणं अवघड. खरी गंमत आकृतीत आहे. साधा चौरस पाव वळसा फिरवला तर जसाच्या तसा दिसतो, चार वेळा फिरवा, फरक नाही. असा आकार इथे निरुपयोगी. प्रत्येक पाव वळशाला वेगळा दिसेल आणि तरी दुसऱ्या कुठल्या मुलाच्या कार्डासारखा दिसणार नाही, असाच आकार लागतो. क्यूआर कोडला तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात आणि चौथा कोपरा मोकळा असतो, तोही वरची बाजू कळावी म्हणूनच. चौथीच्या मुलांना कात्री आणि काळा कागद देऊन असा आकार शोधायला लावला तर सममितीचा धडा तिथेच होतो, फोन नसला तरी.

मग बोलतं वाचन-ॲप. मूल पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं आणि चुकलं तर थांबवतं. नाव घेत नाही, कारण अडचण एका ॲपची नाही. मी ‘मांजर’च्या जागी मुद्दाम ‘मांजरी’ वाचलं, तरी शाबासकी मिळाली. असं का होतं? यंत्र आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे तुकडे करतं, प्रत्येक तुकडा कोणता ध्वनी असण्याची किती शक्यता ते काढतं आणि पडद्यावरच्या ओळीशी ताडून पाहतं. ओळ त्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे जवळपास बसलं की ते ‘बसलं’ म्हणतं. लग्नात आहेराची यादी वाचणारा जसा अर्धं नाव ऐकून उरलेलं स्वतःच म्हणतो. त्यातून लहान मुलाचा घसा आणि तोंड मोठ्यांहून आखूड, म्हणून आवाजातल्या कंप्रता वर सरकलेल्या. मोठ्यांच्या आवाजावर शिकलेलं यंत्र तिथे जास्त चुकतं. आणि ज्या भाषेचे आवाज यंत्राला शिकवलेच नाहीत, ती त्याच्या दृष्टीने नुसता गोंगाट. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक होते. माझ्या फोनवरच्या भाषांच्या यादीत गोंडी नव्हती.

सगळ्यात उपयोगी साधन मला सापडलं ते ॲप नव्हतंच. ती एक वजाबाकी होती.

संगणकाला अक्षर म्हणजे क्रमांक. देवनागरी ‘क’ चा क्रमांक २३२५, तेलुगू ‘क’ चा ३०९३. फरक ७६८. आता ‘य’, ‘ह’, ‘ळ’ घ्या, काना किंवा पायमोड घ्या: फरक पुन्हा ७६८. युनिकोड या अक्षर-क्रमांकांच्या यादीने १९९१ साली भारतीय लिप्यांना क्रमांक दिले ते आपल्याकडच्याच ‘इस्की’ या १९८८ च्या आराखड्यावरून. त्यात प्रत्येक लिपीचा ‘क’ आपापल्या घरात एकाच खुंटीला टांगलेला. एका घरात १२८ जागा. देवनागरीनंतर बंगाली, गुरुमुखी, गुजराती, ओडिया, तमिळ आणि मग तेलुगू. सहा घरं पुढे, १२८ गुणिले ६.

म्हणजे लिब्रे ऑफिसच्या फुकट तक्त्यात एका रकान्यात तेलुगू शब्दाचं एकेक चिन्ह सुटं लिहायचं, पुढच्या रकान्यात त्याचा क्रमांक काढून ७६८ वजा करायचे आणि आलेल्या क्रमांकाचं पुन्हा अक्षर करायचं. तेलुगूत मांजरीला म्हणतात ते माझ्या तक्त्यात सहा चिन्हांनी ‘पिल्लि’ असं उतरलं. मराठी पोराला पिल्लू आठवणार, ते अर्थातच मांजरीचं समजू. तेलुगू माध्यमात बसलेल्या मराठी घरातल्या मुलासाठी चित्र, वर तेलुगू, खाली देवनागरी अशी शंभर कार्डं एका दुपारी होतात. झाडाला मात्र ‘चॆट्टु’ आलं. ‘च’वरच्या उलट्या वळणाच्या मात्रेने क्षणभर अडायला झालं. तेलुगूत ‘ए’ ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन असतात, मराठीने ऱ्हस्वासाठी वेगळं चिन्ह कधी ठेवलं नाही. क्रमांकाच्या घरात जागा आहे, आपल्या बाराखडीत नाही. ते चिन्ह मी पुसलं नाही. तेलुगू मास्तरांनी उच्चार करून दाखवायची जागा नेमकी तीच आहे.

देवनागरीचा असा वापर आदिलाबादच्या डोंगरांत नवा नाही. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने १९४३ साली मारलवाईला गोंड तरुणांना शिक्षक करण्याचं केंद्र सुरू केलं. गाव तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ च्या फेररचनेनंतर आसिफाबादकडे गेलं. पुस्तकं गोंडी भाषेत, पण लिपी देवनागरी, कारण इथल्या गोंडांना तेव्हा मराठीचा शेजार जास्त होता.

नंतर कळलं की गोंडीला इथेच स्वतःची लिपी होती. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावात जपलेली हस्तलिखितं २००६ च्या सुमारास अभ्यासकांपुढे आली. ती वाचू शकणारी म्हातारी माणसं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. जून २०१८ मध्ये युनिकोडने गुंजाला गोंडीची ६३ चिन्हं स्वीकारली. मी हौसेने त्या लिपीतली एक ओळ माझ्या जुन्या टॅबलेटवर उघडली, तर रिकामे चौकोन. अशा चौकोनांना संगणकवाले ‘टोफू’ म्हणतात, आणि ते दिसू नयेत म्हणून काढलेल्या फुकट टंकांचं नाव ‘नोटो’, म्हणजे टोफू नको. त्यात गुंजाला गोंडीचाही टंक आहे. तो संगणकावर बसवल्यावर तिथे अक्षरं उमटली. पण या लिपीच्या ‘क’ चा क्रमांक ७३०७३ आहे, आणि सोळा बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा ६५५३५. अक्षर सोळा बिटांतच बसतं असं धरून लिहिलेली जुनी सॉफ्टवेअर या ‘क’ चे दोन तुकडे समजतात. एक अक्षर खोडायला गेलं की अर्धंच खोडलं जाण्याची भीती.

आणि इथे माझी वजाबाकीही चालत नाही. या लिपीची वर्णमाला ‘क, ख’ने सुरू होत नाही. स्वर संपले की येतात य, व, ब, भ, म. ‘क’ त्यांच्या मागून. कुठल्याही एका आकड्याने देवनागरीतून तिकडे जाता येत नाही. एकेका अक्षरासमोर त्याची जोडी हाताने लिहूनच तक्ता करावा लागतो. मी युनिकोडच्या यादीवरून तसा केला आहे. बरोबर आहे की नाही, ते तपासायला तो गुंजाल्यालाच न्यावा लागेल.